रोलिंग स्टोन्सचा पियानो आणि लाँगलीफ पाइनचे रान

७ एप्रिल २००३. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर 'रोलिंग स्टोन्स'चा कार्यक्रम होता. नजरा अर्थातच मिक जॅगरवर. कीबोर्डमागे बसलेले दाढीवाले गृहस्थ अमेरिकेतील एक नावाजलेले वनशेतकरी आहेत, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असावे. त्यांचे नाव चक लेव्हेल. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

जन्म १९५२, अलाबामा राज्यात. आई घरी पियानो वाजवीत असे. वादळ आले तर ते पियानोवर कसे वाजेल, असे ती मुलाला विचारी आणि मुलगा पट्ट्यांवर उत्तर शोधी. संगीताचे रीतसर शिक्षण जवळजवळ नाहीच.

१९७२ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, ते 'ऑलमन ब्रदर्स बँड'मध्ये दाखल झाले. आदल्याच वर्षी या बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन मोटारसायकल अपघातात गेला होता. त्याच्या जागी दुसरा गिटारवादक न घेता बँडने पियानो आणला. १९७३ च्या 'जेसिका' या शब्दविरहित रचनेत हा निर्णय किती योग्य होता ते ऐकू येते.

१९७६ मध्ये बँड फुटला. लेव्हेल यांनी काढलेला 'सी लेव्हल' हा बँडही १९८० च्या सुमारास थांबला. १९८१ मध्ये पत्नी रोझ लेन यांच्या आजीचे निधन झाले आणि जॉर्जियातील मेकन शहराजवळची वडिलोपार्जित जमीन या दांपत्याकडे आली.

अशा चरित्रांत येथे 'निसर्गाची हाक' ऐकू येण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात प्रश्न पोटाचा आणि जमीन राखण्याचा होता. फळबाग, गुरे असे पर्याय तपासून झाले. अखेर झाडे ठरली. कलावंत महिनोन्‌महिने दौऱ्यावर असतो. गुरे तेवढे थांबत नाहीत, झाडे थांबतात.

वनशास्त्राचा अभ्यास त्यांनी पत्रद्वारा केला, तोही 'फॅब्युलस थंडरबर्ड्स' या बँडबरोबर दौऱ्यावर असताना, बसमध्ये बसून. १९८२ पासून रोलिंग स्टोन्सची साथ सुरू झाली. पियानो आणि रान हे दोन्ही व्यवसाय तेव्हापासून जोडीने चालले.

या रानाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेच्या आग्नेय भागात एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइन उभा होता. लाकडी जहाजांसाठी त्याचा राळ-डांबर काढला गेला. पुढे लोहमार्ग आले आणि १८८० नंतरच्या चार-पाच दशकांत करवतींनी उरलेसुरले संपवले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकर शिल्लक होते.

दुसरा घाव वणवा विझवण्याच्या धोरणाने घातला. वणवा म्हणजे रानाचा वैरी, हे मराठी मनात पक्के बसलेले असते. येथे गोष्ट उलटी आहे. लाँगलीफचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखे जमिनीलगत राहते आणि खाली सोटमूळ रोवते. आग वरून निघून जाते, कोंब वाचतो, स्पर्धक झुडपे जळतात. मूळ रहिवासी जमाती हे जाणून रान पेटवीत. आग बंद झाली आणि इतर झाडांनी जागा बळकावली.

पूर्वी 'शार्लेन प्लँटेशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेव्हेल यांच्या रानात लाँगलीफची लागवड होते आणि ठरवून, नियंत्रित आगही लावली जाते. लाकूड विकले जाते, लावे पक्ष्यांच्या शिकारीसाठी पाहुणे येतात. झाड तोडणारा आणि शिकार घडवणारा पर्यावरणवादी अनेकांच्या पचनी पडत नाही. त्यांचे उत्तर हिशेबी आहे: रानातून उत्पन्न मिळाले नाही तर मालक ते विकतो आणि तेथे इमारती उभ्या राहतात. पियानोही लाकडाचाच असतो, याची आठवण ते आवर्जून देतात.

'प्लँटेशन' हा शब्द मात्र निरागस नाही. जॉर्जियाच्या या पट्ट्यात त्याला कापूस आणि गुलामगिरी यांचा वास आहे.

१९९९ मध्ये या दांपत्याला राष्ट्रीय पातळीवर वर्षातील उत्कृष्ट वनशेतकरी म्हणून गौरवण्यात आले. २००९ मध्ये लेव्हेल यांनी जाहिरात व्यवसायातील जोएल बॅबिट यांच्यासह 'मदर नेचर नेटवर्क' हे पर्यावरणविषयक संकेतस्थळ उभे केले. २०२० मध्ये ते दुसऱ्या कंपनीने घेतले आणि 'ट्रीहगर'मध्ये विलीन झाले. मेकनजवळचे रान मात्र वाढत वाढत ४ हजार एकरांच्या आसपास पोहोचले आहे.