ठासणीच्या बंदुकीचे युवा प्रशिक्षण (अमेरिका)

ठासणीच्या बंदुकीचे युवा प्रशिक्षण हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मुलामुलींना पारंपरिक ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी शिकवण्याचा उपक्रम आहे. हे प्रशिक्षण मुख्यतः प्रौढ स्वयंसेवक देतात. ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासली जाते, तिला ठासणीची बंदूक म्हणतात.

पार्श्वभूमी

अमेरिकन यादवी युद्धापर्यंत (१८६१–१८६५) ठासणीच्या बंदुका सर्रास वापरात होत्या. त्यानंतर मागील बाजूने काडतूस भरण्याच्या बंदुकांमुळे त्या मागे पडल्या. ही कला टिकवण्यासाठी १९३३ मध्ये नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची स्थापना झाली. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप येथे संस्थेचे नेमबाजी मैदान आहे.

संस्था व स्वयंसेवक

कृषी विस्तार सेवेशी जोडलेल्या ‘फोर-एच’ या युवा संघटनेच्या नेमबाजी कार्यक्रमात ठासणीची बंदूक हा स्वतंत्र विभाग आहे. स्काउटिंग अमेरिका (पूर्वीची बॉय स्काउट्स) संघटनेच्या रायफल नेमबाजीच्या गुणवत्ता-पदकासाठीही हा एक पर्याय आहे. शिकवू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकास आधी स्वतः प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. सहभागाचे किमान वय राज्यागणिक वेगवेगळे असते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

प्रत्येक वारासाठी बंदूक नव्याने भरावी लागत असल्याने शिक्षणाचा बराच वेळ भरण्याचा क्रम अंगवळणी पाडण्यात जातो. प्रथम गज नळीत घालून ती रिकामी असल्याची खात्री केली जाते. त्यानंतर मापाने दारू ओतून वंगण लावलेल्या कापडी तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी दारूवर घट्ट बसेपर्यंत ठासतात. गोळी व दारू यांच्यात पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असतो. म्हणून भरलेल्या नळीतील गजाची पातळी दर्शवणारी खूण गजावर केलेली असते. एकदा भरलेल्या नळीत चुकून पुन्हा दारू व गोळी घातली जाऊ नये, यासाठीही ही खूण उपयोगी पडते. घोड्याखालची स्फोटक टोपी, किंवा चकमकीच्या बंदुकीत रंजक, नेमबाजीच्या रेषेवर आल्यावर, नळी लक्ष्याच्या दिशेला असतानाच बसवतात.

सुरक्षितता

या बंदुकीत काळी दारू किंवा तिचा मान्यताप्राप्त पर्यायच वापरतात. काळ्या दारूत साधारणपणे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. धूरविरहित दारूने निर्माण होणारा दाब या नळ्यांना सोसत नाही व त्या फुटू शकतात. मागील वाराची ठिणगी नळीत धुमसत राहू शकते. म्हणून दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतणे निषिद्ध आहे. मापात घेतलेली थोडी दारू पेटली तर इजा मर्यादित राहते, डबा पेटला तर ती प्राणघातक ठरू शकते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्यावरच रोखून किमान एक मिनिट थांबावे लागते. कारण बार उशिरा उडण्याची शक्यता असते. उत्सुकतेने बंदूक वळवून पाहणे ही नवशिक्यांची स्वाभाविक प्रवृत्ती असून तिला आवर घालणे ही प्रशिक्षकाची मोठी जबाबदारी असते. त्यामुळे सुरुवातीच्या सरावात प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या अगदी जवळ उभा राहतो. काळ्या दारूची राख ओलावा शोषून लोखंड गंजवते. म्हणून सरावानंतर नळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे हाही शिक्षणाचाच भाग मानला जातो.

महत्त्व

एका वारासाठी करावी लागणारी दीर्घ तयारी ही या प्रशिक्षणाची मर्यादा नसून त्याचा गाभा आहे. गोळ्यांच्या संख्येपेक्षा क्रम, संयम व इतरांच्या सुरक्षिततेचे भान यांवर भर राहतो.

भारतातील स्थिती

कोकणात पिकांच्या संरक्षणासाठी शेतकरी परवान्याने ठासणीच्या बंदुका बाळगत आले आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अशा बंदुकीसाठीही परवाना आवश्यक आहे.