माळरान किंवा वाळवंटातील अभयारण्य पाहायला जाताना : घरातील रुग्णाची काळजी कशी घ्याल?

वाशिम जिल्ह्यात वाळवंट नाही, पण कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. उघडे माळरान, गवत, तुरळक बाभळी आणि नावापुरती सावली. कारंज्याला श्री नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाचे दर्शन घ्यायला आलेली कुटुंबे आजी-आजोबांसह तिकडेही फेरी मारतात. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत काही कुटुंबे आणखी लांब, जैसलमेर-बाडमेरच्या राष्ट्रीय मरू उद्यानापर्यंत जातात. दोन्ही ठिकाणी शरीरापुढचा प्रश्न सारखाच असतो: कोरडी हवा, आडोशाचा अभाव आणि दूर असलेला दवाखाना. म्हणून सहलीची वेळ आणि वेग घरातल्या सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे पाहून ठरवा.

वेळ कोणती निवडावी?

कारंजा परिसरात एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. साठीपुढची व्यक्ती, हृदयरोगी, मूत्रपिंडाचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा लहान मूल सोबत असेल तर या महिन्यांत माळरानावर जाऊच नये, असे माझे मत आहे. इतर दिवसांतही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. काळवीटही दुपारी सावली धरून बसते, त्यामुळे भर उन्हात जाऊन फारसे काही दिसत नाही. सकाळी दर्शन, मग जेवण आणि दुपारी दोनला अभयारण्य हा नेहमीचा क्रम उलटा करा. मरू उद्यानासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

‘आम्ही वाशिमचे, आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे वाक्य ओपीडीत नेहमी ऐकू येते. उष्णतेची सवय शरीराला होते हे खरे, पण त्यासाठी साधारण एक ते दोन आठवडे रोज उन्हात वावरावे लागते आणि काही आठवड्यांत ती जातेही. पावसाळाभर घरात राहिलेल्या आजोबांकडे ऑक्टोबरमध्ये मे महिन्याची सवय शिल्लक नसते.

न दिसणारा घाम आणि टाळलेले पाणी

कोरड्या हवेत घाम येताच उडून जातो. अंग ओले लागत नाही, म्हणून पाणी कमी झाल्याचे लक्षात येत नाही. वयस्कर माणसांना तहानही कमी लागते. त्यांना विचारत बसू नका, दर अर्ध्या तासाने थोडे पाणी हातात द्या. लघवी गडद पिवळी झाली किंवा पाच-सहा तास झालीच नाही, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

अडचण बहुधा वेगळीच असते. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. चक्कर, डोकेदुखी, लघवीची जळजळ याची सुरुवात इथून होते. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे ते विचारून घ्या आणि थांबे त्याप्रमाणे ठरवा. संकोचापायी हा विषय घरात कुणी काढत नाही, तो काढा.

फार घाम गेला असेल तर ओआरएस द्या. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी-मिठाचे बंधन असेल, तर सहलीत किती चालेल हे आधीच डॉक्टरांना विचारा. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याने ऊन लागायचे थांबत नाही.

चालू औषधे

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड) शरीरातील पाणी-मीठ आणखी कमी करतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना पाणी फार कमी झाले, तर रक्तदाब उतरू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांमुळे उष्णतेत हृदयाची गती हवी तितकी वाढत नाही. मानसिक आजाराच्या काही औषधांनी घाम येण्यात अडथळा येतो. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडणे विशेष धोक्याचे. यांतली एकही गोळी मनाने बंद करू नका. मात्र प्रवासात उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी हे नक्की विचारावे.

इन्सुलिन गाडीत ठेवून उतरू नका. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांहूनही अधिक वाढू शकते. बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ओल्या कापडात गुंडाळलेला डबा किंवा गार ठेवणारी पिशवी पुरते. साखर तपासायच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात. गुरुवारचा उपवास आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड यांची सांगड उन्हातल्या सहलीच्या दिवशी नकोच. साखर उतरल्यावर आणि ऊन लागल्यावर घाम, थरथर, चक्कर सारखीच दिसते. साखर मोजा, मोजता येत नसेल आणि रुग्ण शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या.

केव्हा धावपळ करावी?

थकवा, मळमळ, पायात गोळे येत असतील तर सावलीत झोपवा, पाय उंच करा, पाणी द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखाना गाठा. पण माणूस बरळू लागला, गुंगीत गेला, झटका आला किंवा ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास गेला, तर तो उष्माघात समजा. अंग घामेजलेले असले तरी उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, बगला आणि जांघेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

राजस्थानात जात असाल तर स्वेटर आणि शाल घ्या. जानेवारीत वाळवंटातली रात्र बोचऱ्या थंडीची असते. दमेकऱ्यांनी धुळीसाठी मास्क वापरावा आणि इन्हेलर खिशात ठेवावा, सामानात नाही. माळ असो वा वाळू, बूट घालूनच चाला, फुरसे दोन्हीकडे आढळते. साप चावल्यास पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, हातपाय न हलवता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. उद्यानाच्या आत मोबाइलला रेंज नसू शकते, म्हणून रुग्णालयाचा रस्ता आणि गाडीचालकाचा क्रमांक आदल्या रात्रीच कागदावर लिहून घ्या.