नक्कल करणारे हात

दापोड्यातील भाताची खाचरे जाऊन त्यांच्या जागी गोदामे उभी राहिली. माणकोली नाक्याकडून अंजूरफाट्याकडे जाताना दोन्ही अंगांस पत्र्याच्या शेडी आणि मालाच्या गाड्या यांशिवाय आता फारसे काही दिसत नाही. या हमाल-माथाड्यांत आमचा वावर असल्याने पेटीत काय आहे हे विचारण्याची आम्हांस खोड आहे. घरसजावटीच्या मालात एकदा जपानी समुद्राच्या लाटेचे, कापडावर रंगविलेले चित्र निघाले. वेष्टनावर 'हाताने रंगविलेले' असे अभिमानाने छापले होते. एका माथाडी बांधवाने विचारले, "हाताने म्हणजे कोणाच्या हाताने?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास इतिहासात बरेच मागे जावे लागते.

ती लाट होकुसाई या जपानी चित्रकाराची. १८३०च्या सुमारास त्याने फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये काढावयास घेतली. लोकांस ती इतकी आवडली की पुढे आणखी दहा निघाली. पण 'होकुसाईने काढली' हे अर्धेच खरे. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन करावयाचे. कोरक्याने तो कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून त्यावरूनच पटाशी चालवावयाची. म्हणजे मूळ रेखाटन कोरतानाच नाहीसे होई! मग प्रत्येक रंगाला निराळा ठसा. ठशांनी कापड छापणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रीत समजावून सांगावयास नको. शेवटी छापणारा ओल्या कागदाची पाठ हाताने घासून एकेक प्रत काढी. या सर्वांच्या डोक्यावर पैसा घालणारा प्रकाशक, निशिमुराया योहाची. लाटेच्या चित्रावर होकुसाईची सही आहे. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव नाही. लाटेच्या टोकाची ती वाघनखांसारखी फेसाची बोटे मात्र त्या कोरक्याने लाकडात उठविली.

ही चित्रे हजारोंनी निघत आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडत. ठसे झिजले की रेषा तुटत. कोणती प्रत आधीची आणि कोणती मागाहूनची हे जाणकार त्यावरूनच ओळखतात. अशा चित्राला 'मूळ प्रत' कोठली? तरीही पुढे लोकांनी त्यांच्या हाताने नकला केल्या. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगेची दोन छापील चित्रे, एक फुललेल्या आलुबुखाराच्या बागेचे आणि एक पावसातल्या पुलाचे, तेलरंगात उतरविली. त्याची नक्कल आज संग्रहालयात मानाने टांगली जाते. १९८९ पासून चीनमधील शेनझेनच्या दाफेन गावात असंख्य रंगारी नामांकित चित्रांच्या नकला करीत आले. त्यांच्यापैकी एकाचेही नाव वेष्टनावर येत नाही. नकलेची प्रतिष्ठा नक्कल करणाऱ्याच्या नावावर ठरते, असा हा व्यवहार आहे.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रातही चित्रांच्या हातनकलेचा मोठा उद्योग झाला, तो अजिंठ्यात. १८४४ साली मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल याला तेथील भित्तिचित्रे उतरवून घेण्यास नेमले. त्याने उमेदीची वर्षे त्या दरीत घालविली. त्याची मोठमोठी चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६च्या आगीत ती बहुतेक सर्व जळाली. म्हणून १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने काम पुन्हा हाती घेतले. हिवाळा आला की तो विद्यार्थ्यांना घेऊन निजामाच्या मुलखात जाई. अंधाऱ्या लेण्यांत बसून ही मुंबईची पोरे कॅनव्हासवर बोधिसत्त्व उतरवीत. १८८५ पर्यंत हे चालले. त्याच साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत यांतल्याही पुष्कळ नकला गेल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन खंड काढले. मुखपृष्ठावर नाव त्याचे. पेस्तनजी बोमनजी पुढे स्वतः नावाजलेले चित्रकार झाले म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिले. त्यांच्या बरोबरच्यांना कोण ओळखतो? ग्रिफिथ्सची चिकाटी आम्ही नाकारीत नाही. चित्रे उठून दिसावीत म्हणून भिंतींवर रोगण फासले गेले, त्याने मूळ चित्रांना अपाय झाला, हेही त्याच्याच खात्यावर लिहिले पाहिजे.

याच लेण्यांत पुढे जपानी माणूस आला. आराई काम्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ साली कलकत्त्यास आला आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्यात नकला करीत बसला. एका बौद्ध देशाचा चित्रकार आपल्या धर्माच्या जुन्या चित्रांसमोर कागद पसरून बसतो, हे दृश्य आम्हांस फार मोलाचे वाटते. कारण येथे शिकविणारी भिंत होती आणि साहेब कोणी नव्हता. त्याच्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याही भस्म झाल्या. गिल, ग्रिफिथ्स, आराई: तिघांच्याही वाट्यास आगच आली.

आराई खचला नाही. १९४० पासून जपानातील होर्यूजी या प्राचीन मंदिरातील भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्यांत तो सामील झाला. अजिंठ्याच्या चित्रांशी त्या चित्रांचे नाते अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. १९४५ साली, काम पुरे होण्याआधीच, तो वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी, नकलांचे काम चालू असतानाच, मंदिरास आग लागली आणि भिंतींवरचे रंग करपून गेले. १९६७-६८ मध्ये चित्रकारांच्या तुकड्यांनी ती चित्रे नव्याने रंगविली, तेव्हा आगीपूर्वी उतरविलेल्या नकला आणि छायाचित्रे यांचाच आधार होता. आज त्या मंदिरात दिसतात ती हीच, हाताने रंगविलेली चित्रे.