सायबर सुरक्षा, व्यापारसंस्थांची

व्यापारी, औद्योगिक व पतपुरवठा करणाऱ्या संस्थांच्या संगणकप्रणाली, त्यांतील नोंदी आणि त्यांच्याद्वारे होणारे व्यवहार यांना अनधिकृत प्रवेश, चोरी, फेरफार व नाश यांपासून असलेला धोका ओळखणे, तो कमी करणे आणि आघात झाल्यास कारभार पुन्हा सुरळीत करणे यांसाठी योजलेले उपाय. त्यांत यंत्रे व आज्ञावली यांच्याइतकेच संस्थेची अंतर्गत शिस्त, कर्मचाऱ्यांच्या सवयी आणि कायदा यांना महत्त्व आहे. महाराष्ट्रात न्हावा-शेवा बंदर (२०१७), पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक (२०१८) आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (२०२१) यांच्यावरील आघातांमुळे या विषयाकडे व्यापारी जगाचे लक्ष वेधले गेले.

पूर्वपीठिका : व्यापारातील जोखमीची आगाऊ तरतूद करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव नाणेघाटाच्या पायथ्याकडील परिसरात वसलेले आहे. सोपारा व कल्याण या बंदरांतून जुन्नर व पैठणकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग याच घाटाने वर चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेशी निगडित ब्राह्मी शिलालेख आहे. तेथील दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरेने मानले जाते. घाटावर जीवधन किल्ल्याची नजर होती. अशा वाटेची राखण एकेकट्या व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती. ती राज्यसत्तेचे काम ठरे, तर मालाची व पैशाची काळजी व्यापारी स्वतः घेत.

पुढील काळात हुंडीच्या व्यवहारात ही काळजी नियमबद्ध झाली. माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय होणाऱ्या हुंडीस जोखमी हुंडी म्हणत. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत म्हणून ‘पेठ’ आणि तीही गहाळ झाल्यास ‘परपेठ’ लिहून दिली जाई. हुंडी लिहिणारा सावकार आपल्या आडत्यास वेगळे सूचनापत्रही धाडीत असे आणि आडत्या त्या पत्राशी हुंडी ताडून पाहत असे. जोखमीची वाटणी, नोंदीची दुसरी प्रत आणि दुसऱ्या मार्गाने खातरजमा ही तीन तत्त्वे यातून दिसतात. संगणकाच्या काळातही ती लागू पडतात.

कायदा व यंत्रणा : २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत ‘मॉरिस वर्म’ या स्वतःच्या प्रती काढीत पसरणाऱ्या आज्ञावलीने हजारो संगणक निकामी केले. त्यानंतर त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आणीबाणी प्रतिसाद केंद्र स्थापन झाले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० साली अंमलात आला. जानेवारी २००४ मध्ये भारतीय संगणक आणीबाणी प्रतिसाद पथक (सर्ट-इन) कार्यान्वित झाले व २००८ च्या दुरुस्तीने त्यास वैधानिक अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर प्रयोगशाळा सुरू केल्या. भारतीय रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. मात्र नागरी सहकारी बँकांसाठी अशी स्वतंत्र चौकट येण्यास आणखी दोन वर्षे लागली.

न्हावा-शेवा, २०१७ : २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या मार्गाने ‘नॉटपेट्या’ ही विध्वंसक आज्ञावली जगभर पसरली. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीच्या प्रणाली तीत बंद पडल्या. या समूहातील कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील कंटेनर स्थानकाचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचा अंदाज दिला. कंपनीच्या जाळ्याची सर्व वापरखाती व अधिकार यांची नोंद ठेवणारे मध्यवर्ती संगणक जवळजवळ सर्व नष्ट झाले होते. घाना येथील कार्यालयात वीज गेल्याने तेथील एक संगणक त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता व त्यातील प्रत शाबूत राहिली. तिच्या आधारे सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करण्यात आले. त्या कंपनीचा उद्धार योगायोगाने झाला. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत हा पूर्वतयारीचा भाग असला पाहिजे, हा या घटनेचा धडा होय.

कॉसमॉस बँक, २०१८ : पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील आघात हा महाराष्ट्राच्या सायबर इतिहासातील एक गंभीर प्रसंग होय. एटीएम यंत्रातून पैसे काढताना ती विनंती ‘स्विच’ या मध्यस्थ प्रणालीमार्फत बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीकडे जाते. खात्यात शिल्लक आहे की नाही हे पाहून मुख्य प्रणाली होकार वा नकार देते. गुन्हेगारांनी बँकेच्या जाळ्यात शिरकाव करून एक प्रतिरूप स्विच उभा केला. त्यामुळे विनंत्या मुख्य प्रणालीपर्यंत न पोहोचताच त्यांना परस्पर होकार मिळू लागला. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे सु. ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे २,८०० व्यवहारांतून सु. अडीच कोटी रुपये गेले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम सु. ९४ कोटी रुपये होती.

ग्राहकांच्या खात्यांतील रकमांना धक्का लागला नसून तोटा बँकेचा आहे, असे बँकेने जाहीर केले. तरीही सहकारी बँकेचा तोटा अंती सभासदांच्या भांडवलावर व संस्थेच्या पतीवर पडतो. एटीएममधून अशा प्रकारची जागतिक लूट संभवते, असा गोपनीय इशारा अमेरिकेच्या एफबीआय या अन्वेषण संस्थेने त्याच सुमारास बँकांना दिला होता. इशारा मिळणे आणि तो वेळेत संबंधित संस्थेपर्यंत पोहोचून कृतीत उतरणे यांतील अंतर या प्रसंगाने स्पष्ट झाले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने या आघाताचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. प्रत्यक्ष रोकड काढणाऱ्यांपैकी ११ आरोपींना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये कारावासाची शिक्षा दिली.

या आघातात कोणत्याही ग्राहकाच्या खात्यात शिरण्याची आवश्यकता पडली नाही. विनंती आणि खात्यातील शिल्लक यांची सांगड घालणारा दुवाच तोडण्यात आला होता. हुंडी ताडून पाहण्यासाठी येणारे सूचनापत्रच बनावट निघावे, तसा हा प्रकार होता. ज्या मार्गाने व्यवहार येतो त्याच मार्गाने त्याची खातरजमा होत असेल, तर ती खातरजमा नाममात्र ठरते.

नंतरचे नियमन : १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला श्रेणीबद्ध रूप दिले. बँकांचे चार स्तर पाडून, ज्या बँकेचा तांत्रिक पसारा मोठा तिच्यावर अधिक बंधने, असे तत्त्व स्वीकारण्यात आले. स्वतःचा एटीएम स्विच व आंतरराष्ट्रीय संदेशप्रणाली वापरणाऱ्या बँका चौथ्या स्तरात येतात व त्यांना अखंड देखरेखीचे केंद्र ठेवावे लागते. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान बँकेस हा खर्च पेलणारा नाही. म्हणून तिच्याकडून साध्या पण अनिवार्य दक्षतेची अपेक्षा ठेवण्यात आली.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळविणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे संस्थांस बंधनकारक झाले. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या राखणीत कसूर करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

औद्योगिक क्षेत्र : मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या मुंबईतील मुख्यालयाच्या व प्रादेशिक कार्यालयांच्या संगणकांवर खंडणीखोर आज्ञावलीचा आघात झाला. अशी आज्ञावली नोंदी कुलूपबंद करून त्या सोडविण्यासाठी पैसे मागते. औद्योगिक भूखंडांचे वाटप, परवानगी व पाणीपुरवठा यांचे व्यवहार या महामंडळाकडे असल्यामुळे अशा आघाताची झळ उद्योजकांनाही पोहोचू शकते. वेगळ्या जाळे-विभागात ठेवलेल्या प्रती बाधित झाल्या नाहीत, असे महामंडळाने सांगितले. न्हावा-शेवाच्या वेळी योगायोगाने जे साधले, ते येथे तरतुदीने साधले, असे म्हणता येईल.

मुरबाडसारख्या औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योगांचा कारभार बव्हंशी एखाददुसऱ्या संगणकावर व भ्रमणध्वनीवर चालतो. पुरवठादाराच्या नावाने बदललेल्या बँकखात्याचे खोटे पत्र येणे, हिशेबाच्या नोंदी कुलूपबंद होणे आणि नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द चालू राहणे, हे त्यांच्यापुढील नित्याचे धोके होत.

पूर्वतयारीची अंगे : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ मध्ये मांडलेल्या चौकटीत ओळख, संरक्षण, शोध, प्रतिसाद व पुनःस्थापन अशी पाच अंगे सांगितली असून २०२४ मध्ये त्यांत ‘शासन’, म्हणजे वरिष्ठांचे उत्तरदायित्व, या अंगाची भर पडली. लहान संस्थेच्या बाबतीत यांचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो : कोणती नोंद नष्ट झाल्यास काम थांबेल याची यादी करणे, आज्ञावली अद्ययावत ठेवणे व प्रवेशास दुहेरी ओळख लावणे, नोंदींची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवून ती पुन्हा वाचता येते की नाही हे वेळोवेळी तपासणे, खातेबदलाची सूचना आल्यास जुन्या, माहितीच्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री करणे, आणि आघात झाल्यास कोणी कोणास कळवावे हे आधीच लिहून ठेवणे. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती रोखण्यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात.

सर्ट-इनने २०२५ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी १५ मूलभूत नियंत्रणे सुचविली. त्यांचा उपयोग कितपत होतो, हे अंशतः उद्योजकांच्या संघटना व सहकारी संस्था हा भार एकत्रितपणे किती उचलतात यावर अवलंबून राहील. घाटवाटेची राखण पूर्वी सामायिक होती, तशीच संगणकजाळ्याचीही आहे. त्यातील एका दुर्लक्षित दुव्याचा तोटा त्याच्याशी जोडलेल्या सर्वांना सोसावा लागतो.