गज, सुई आणि चावी

झाशीच्या पूर्वेला गरौठा तहसील आहे. तिच्यातले गुरसराय ही मराठी घराण्याची जुनी जहागीर. 1729 मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावले आणि पुढे मराठे बुंदेलखंडात स्थिरावले, ते तोड्याच्या बंदुकांचे दिवस होते. तलवारींवर पोवाडे झाले. बंदूक आणि पिस्तूल चालती ठेवणारी बोटभर अवजारे मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

त्यांचा जन्म काजळीतून झाला. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो; काही धुराबरोबर जातो, बाकीचा नळीत चिकटतो. तो ओल धरतो, गंज चढवतो आणि दारू पेटवणारे भोक, म्हणजे कान, बुजवतो. म्हणून देशी तोडेदार बंदुकांच्या कानाजवळ बारीक साखळीने सुई बांधलेली दिसते. रंजक, म्हणजे कानाशी पेटवायची दारू, घालण्याआधी ती कानात फिरवायची, एवढेच तिचे काम. पण ते चुकले, तर रंजक भुर्रकन पेटायचे आणि गोळी नळीतच बसायची!

झाशीच्या किल्ल्यावरच्या ‘कडक बिजली’सारख्या तोफेला दारू ठासायला लांब दांडा लागे, पुसायला ओला कुंचा, अडकलेली चिंधी ओढायला मळसूत्री आकडा. पिस्तुलाकडे हाच संसार लहान होऊन आला. ठासणीचा गज नळीखालच्या खाचेत बसे. घोडेस्वाराच्या हातून तो निसटला की संपलेच. धावत्या घोड्यावरून उतरून शोधणार कोण? म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी पिस्तुलांत गज नळीच्या तोंडाशी बिजागरीने जखडला. बाहेर ओढा, फिरवा, ठासा, परत सरकवा. सुटायचा मात्र नाही. या सगळ्या कुळातली सर्वांत हुशार युक्ती हीच.

1807 मध्ये स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची टोपी आली. ती बसते ती पोकळ बोंडी काजळीने तुंबे, म्हणून बोंडी उघडायची चावी आली. कोल्टने तिलाच पेचकस जोडला. जर्मन लष्कराने 1908 मध्ये स्वीकारलेल्या लुगर पिस्तुलाच्या म्यानात तर अशा अवजाराला खास कप्पाच आहे, कारण आठ गोळ्यांच्या मॅगझिनची स्प्रिंग अंगठ्याला दाद देत नाही.

वाड्याच्या अडगळीत असा एखादा गज किंवा चावी हाती लागली, तर पॉलिश पेपरने घासू नका. त्यावरचे शिक्के पुसले जातात. आहे तशी जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवा. सोबत पिस्तूलही निघाले, तर त्याला हात न लावता आधी पोलीस ठाण्याला कळवा. जुन्या ठासणीच्या नळीत भरलेली दारू अजूनही असू शकते.