खांदेरीचे मायनाक भंडारी

सेनानीचे गुण सांगावयाचे म्हटले की पराक्रम हा शब्द प्रथम जिभेवर येतो. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांतूनही मायनाक भंडारी यांचे नाव निघाले की वक्ते तलवारीच्या खणखणाटाकडे वळतात. आम्हांस त्यांची थोरवी निराळ्याच ठिकाणी दिसते.

इ. स. १६७९ च्या पावसाळ्यात शिवछत्रपतींनी थळसमोरील खांदेरी बेटावर दुर्ग बांधण्यास मायनाकांस पाठविले. दिमतीस सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा. उत्तरेस मुंबईकर इंग्रज, दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी. बेट आमचे, चालते व्हा, असे इंग्रजांनी बजाविले, तेव्हा धन्याच्या आज्ञेवाचून हलणार नाही, एवढेच उत्तर त्यांस मिळाले. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला.

पुढे नाकेबंदी झाली. खरी कसोटी हीच! अर्धवट तटाआड बसून माणसांस धान्य पुरवावयाचे, त्यांचा धीर राखावयाचा आणि वर बांधकामही थांबू द्यावयाचे नाही. इंग्रजांची अवजड जहाजे वारा पडला की जागच्या जागी खिळत. आपल्या उथळ, वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या बगलेतून किनारा व बेट यांमध्ये ये-जा करीत. ज्यांनी थळच्या वाळूवरून काळोखात होडी लोटली असेल त्यांस हे काम किती जोखमीचे ते सांगावयास नको.

१८ ऑक्टोबरच्या दर्यायुद्धाचे श्रेय मात्र दौलतखानाचे. तो आरमार घेऊन नागावकडून चालून आला व इंग्रजांचे ‘डव्ह’ जहाज पाडाव झाले. ‘रिव्हेंज’ने मात्र दाद दिली नाही, शेवटी आपलेच आरमार मागे सरले. काही लेखक ज्ञातिप्रेमाच्या भरात ही सारी लढाई मायनाकांच्या पदरी घालतात, ते आम्हांस रुचत नाही. बेट धरून ठेवणाऱ्यास उसन्या कीर्तीची गरज काय?

जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर तट उभारला, म्हणून खांदेरीकरांस स्वस्थता अशी लाभलीच नाही.

२०२५ साली खांदेरीचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. थळहून होडीने जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी केवळ १८६७ सालचे दीपगृह पाहून परत फिरू नये. तटाकडेने एक फेरी अवश्य मारावी.