साठवणीतील उपकरणे आणि विद्युत्‌चुंबकीय स्पंद

वाईच्या परिसरात वळिवाचे ढग गडगडू लागले, की दूरचित्रवाणी संचाची जोडणी काढून ठेवतात. या साध्या सवयीमागे शास्त्र आहे. वीज घरावर कोसळली नाही, तरी जवळ पडलेल्या विजेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र अतिशय वेगाने बदलते. त्यामुळे वीजवाहिनी, दूरध्वनीची तार, छतावरील अँटेना यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो आणि तो तारेवाटे उपकरणात शिरतो. अशा क्षणिक उसळीस विद्युत्‌चुंबकीय स्पंद म्हणतात.

त्याचे सर्वांत उग्र रूप अतिउंचावरील अणुस्फोटात आढळते. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन क्षमतेचे अस्त्र फोडले, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या हवाई बेटांवरील रस्त्यांचे काही दिवे विझले. अशा स्पंदाचा पहिला टप्पा सेकंदाच्या काही अब्जांश भागांतच शिखर गाठतो, त्यामुळे साध्या घरगुती दाबरोधकावर विसंबता येत नाही. सौर वादळाची गोष्ट निराळी. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. पण तशा वादळाचा धोका शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांना आणि रोहित्रांना असतो, कपाटातील रेडिओला नव्हे.

साठवणीतील उपकरणाला वाचवणारे साधन म्हणजे मायकेल फॅराडे यांनी १८३६ मध्ये प्रयोगाने दाखवलेला धातूचा पिंजरा. घरातील पत्र्याची ट्रंक त्यासाठी चालते, मात्र झाकणाची फट हा तिचा खरा शत्रू. लांब, अरुंद फटीतून लहरी आत शिरतात. म्हणून कडेचा रंग खरवडून झाकण आणि पेटी यांचा धातूशी धातू संपर्क साधावा आणि सांध्यावर वाहक चिकटपट्टी लावावी. आतून जाड पुठ्ठ्याचे अस्तर द्यावे, उपकरण पत्र्याला टेकता कामा नये. बाहेरून आत एकही तार जाऊ देऊ नये. लहान पेटीला भूसंपर्काची गरज नसते. उलट ती तारच अँटेनाचे काम करू शकते.

मायक्रोवेव्ह भट्टीत वस्तू ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो भरवशाचा नाही, कारण तिची रचना एकाच विशिष्ट वारंवारतेसाठी केलेली असते. पेटीत भ्रमणध्वनी वाजला नाही, एवढ्यावरूनही निश्चिंत होऊ नये. या स्पंदाची बरीचशी ऊर्जा भ्रमणध्वनीच्या लहरींहून कितीतरी कमी वारंवारतेची असते. आकाशवाणी लावलेला लहान रेडिओ आत ठेवून पाहणे त्यापेक्षा बरे, तरी तोही अंदाजच.

ज्या गावात मराठी विश्वकोश घडला, तेथील वाचकास कागदपत्रांच्या संगणकीय प्रतींची काळजी असणे स्वाभाविक आहे. डीव्हीडीच्या तबकडीला स्पंदापासून फारसे भय नाही. धोका ती वाचणाऱ्या यंत्राला असतो. हार्ड डिस्कमध्येही आधी निकामी होण्याचा संभव तिच्या मंडलपट्टिकेचा. तेव्हा तबकड्यांबरोबर त्या वाचणारे एक यंत्रही पेटीत ठेवावे.

पावसाळ्यातील दमटपणाने मात्र स्पंदाची वाट न पाहताच उपकरणे खराब होतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, साध्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात आणि लिथियमच्या बॅटऱ्या निम्म्या भारित करून काही महिन्यांनी तपासाव्यात. हे काम कोरड्या दिवशी उरकावे.